आप्पांसाठी स्थळ

माझ्या बायकोच्या आत्यांशी ज्यांचं म्हणून बोलणं झालं आहे, त्या प्रत्येकाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे. यात नातेवाईक आले, शेजारी आले, बसचे कंडक्टर आले आणि तपासायला म्हणून जवळ सरकलेले एक नामांकित हृदयरोगतज्ज्ञही आले. आत्यांच्या मनात वाईट काही नसतं. त्यांचं तोंड चालू झालं की हात आपोआप चालू होतात, एवढंच. विनोद सांगितला की ऐकणाऱ्याच्या मांडीवर थाप, दुःखाचं सांगितलं की दंडाला चिमटा, आणि गुपित असेल तर ते संपेपर्यंत मनगट सुटत नाही. आमच्या साखरपुड्यात मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो, तेव्हा "हे का आमचे जावई, छान, छान," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत अशी काही थाप मारली की तोंडातला पेढा थेट भटजींच्या ताम्हनात जाऊन पडला. तेव्हापासून मी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला बसतो, कारण त्यांचा उजवा हात जास्त बोलका आहे.

नोकरी त्यांनी परळच्या एका प्रसूतिगृहात केली, परिचारिकेची. त्यामुळे लालबाग-परळमधली पुष्कळ माणसं जन्मतःच त्यांची चापट खाऊन रडायला शिकलेली आहेत. त्यातली काही रस्त्यात भेटतात, "सिस्टर, ओळखलंत का?" असं विचारतात आणि पुन्हा एक खातात. निवृत्तीनंतर आत्यांनी लग्नं जुळवायला घेतली, तीही स्वतःच्या पद्धतीने. बाकीचे मध्यस्थ मुलाचे गुण वाढवून सांगतात. आत्या आधी दोष सांगायच्या. "मुलगा चांगला आहे, पण घोरतो आणि आईला विचारल्याशिवाय शर्टसुद्धा घेत नाही. चालणार असेल तर पोहे टाका, नाहीतर उगाच कांदा चिरू नका," असं त्या मुलीच्या घरी बसून मुलाच्या आईदेखत म्हणत. अशाने लग्नं फार जुळली नाहीत, पण जुळली त्यातलं एकही मोडलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. पुढे मुलंमुली मोबाईलवर परस्पर जमवू लागली आणि आत्यांना कुणी विचारेना. तेव्हा त्यांनी कुत्र्यांची जमवायला सुरुवात केली. कुत्र्यांकडे अजून मोबाईल आलेला नाही.

रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे भटक्या आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांचं एक शेल्टर आहे. आत्या दर रविवारी तिथे जात आणि तिथल्या कुत्र्यांना स्थळं बघत. स्थळ हाच शब्द. ज्याला कुत्रा न्यायचा असेल त्याच्या घरी त्या न सांगता जाऊन थडकत, पाणी मागत, घरात कोण कोण आहे विचारत, आणि परत निघताना तळमजल्यावरच्या वाण्याकडे त्या कुटुंबाची चौकशी करत. दोन नामांकित डॉक्टरांची घरं त्यांनी नुसत्या वाण्याच्या चेहऱ्यावरून नाकारली होती. कुत्र्याचे दोषही आधी सांगत. लग्नात दोष लपवले तर वर्षभराने कळतात, कुत्र्याचे त्याच संध्याकाळी कळतात, हा त्यांचा अनुभव.

माझा यात प्रवेश झाला तो बायकोमुळे. मी बँकेतून निवृत्त झालो आणि घरात राहू लागलो. यातली पहिली गोष्ट तिला मान्य होती, दुसरी सहन होईना. मी डब्यांवर नावं चिकटवली, फोडणीत मोहरी आधी की जिरं यावर चार शब्द सांगितले, आणि मग एका रविवारी तिने मला आत्यांच्या हवाली केलं. "यांना कुत्र्यांची फार आवड आहे," असं माझ्याविषयी तिने त्यांना फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. मला ते नवीन होतं. पण दोन-तीन रविवारांत मला स्वतःलाच पटलं की ते खरं आहे. कुत्र्यांना माणूस ओळखता येतो, माझ्याकडे ती धावत येतात, म्हणजे माझ्यात काहीतरी असलं पाहिजे, असा मी हिशेब मांडला. माझ्या खिशात ग्लुकोजची बिस्किटं असायची, ही बाब मी त्यात धरली नाही.

आप्पा तिथे शेवटच्या पिंजऱ्यात होते. आप्पा म्हणजे कुत्राच. तपकिरी, तोंडाकडे पांढरा झालेला, एका कानाचा तुकडा गेलेला. वय बरंच, म्हणून शेल्टरच्या लोकांनी आप्पा नाव ठेवलं, आणि आत्या वयाने मोठ्यांना अहो-जाहो करत असल्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ते करावं लागे. आप्पांच्या अंगाला हात लावलेला खपत नसे. कुणी काय केलं होतं कुणास ठाऊक. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. हाडं, कातडी, सगळं ठीक होतं, दुखत कुठेच नव्हतं. पण हात पुढे आला की आप्पांचं अंग आकसायचं, नजर बाजूला जायची, मग ओठ वर उचलला जायचा. त्याच्या पुढे गेलात तर दोष तुमचा. गळ्यात कायमचा पट्टा होता आणि त्याला लोंबणारी हातभर दोरी. धरायचं ते दोरीला, आप्पांना नाही.

हे सगळं मला नीट समजावून सांगितलेलं होतं. तरी पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, चेहऱ्यावर समजूतदार भाव आणला आणि हात पुढे केला. नियम इतरांसाठी असतात असं मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं, ते त्या क्षणी वाटलं. आप्पा आकसले, मी "घाबरू नको रे," म्हणालो. त्यांनी ओठ वर केला, मी हात अजून पुढे नेला. पुढच्या क्षणी माझ्या शर्टाची बाही कोपरापासून मनगटापर्यंत मोकळी झाली होती. कातडीला ओरखडाही नव्हता. "केवढे सभ्य आहेत बघा," आत्या म्हणाल्या. मला वाटलं, माझ्याविषयी बोलताहेत. "आधी दोनदा सांगितलं त्यांनी तुम्हाला. तुम्ही ऐकलं नाहीत, तर नुसती बाही घेतली."

मला खरं आश्चर्य वाटलं ते नंतर. आत्या पिंजऱ्यात जाऊन आप्पांपासून चार हातांवर जमिनीवर बसल्या आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. तशाच त्या अर्धा तास त्यांच्याशी बोलत होत्या: गुडघ्यांविषयी, महागाईविषयी, माझ्या बायकोच्या लहानपणाविषयी. मध्येच एखादी मजेची गोष्ट आली की त्यांचा खांदा उसळायचा, पण हात बाहेर यायचा नाही. आप्पाही उठून जात नसत. त्यांना माणसं हवी असायची, फक्त लांब. एवढ्या जगात आत्यांनी ज्याला बोलताना मारलं नाही असा एकच जीव मी पाहिला, तो हा. परत निघताना मात्र दाबून ठेवलेलं सगळं माझ्या पाठीवर निघालं.

मग एका रविवारी डॉक्टरबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आप्पांनी खाणं कमी केलं आहे. शेल्टरमध्ये सतत भुंकाभुंक, सकाळ-संध्याकाळ झाडलोट, आणि रविवारी आलेल्या पाहुण्यांचे जाळीतून आत येणारे हात. आप्पा दिवसभर आकसलेले असत. या गोंगाटात ते फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टरबाईंचं मत होतं. म्हणजे म्हाताऱ्या, हात न लावू देणाऱ्या कुत्र्यासाठी घर शोधायचं होतं, आणि तेही लवकर. माणसं कुत्रा पाळतात ती मुळात हात फिरवायलाच.

स्थळं आली नाहीत असं नाही. दादरचं एक तरुण जोडपं आलं. त्यांना आप्पांचा चेहरा फार आवडला. घरी रांगतं बाळ आहे हे त्यांनी शेवटी सांगितलं आणि आत्यांनी त्यांना तिथूनच रिकाम्या हाताने, पण बाळाच्या बापाच्या दंडाला एक चिमटा काढून, परत पाठवलं. मग माटुंग्याचे एक गृहस्थ आले. मोठं घर, स्वतंत्र गॅलरी, बोलणं अदबशीर. मला हे स्थळ पसंत होतं. ते म्हणाले की प्रेमाने सगळं बदलतं, सहा महिन्यांत हा आमच्या मांडीवर झोपेल की नाही बघा. मी मान डोलावली. आत्या उठूनच उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "लग्नात पण मी अशांना उठवायची. 'नंतर बदलेल' म्हणून जो हो म्हणतो ना, त्याने त्या माणसाला नकारच दिलेला असतो."

यानंतर एका संध्याकाळी माझ्या मनात उदात्त विचार आला. ज्याला कुणी नेत नाही त्याला आपण न्यावं. मी त्याची मनात दोन-तीनदा उजळणी केली, आत्यांचे डोळे कसे भरून येतील, डॉक्टरबाई काय म्हणतील, सोसायटीत लोक माझ्याकडे बोट दाखवून काय सांगतील, हे सगळं पाहून घेतलं, आणि मग फोन केला. आत्या म्हणाल्या, "बरं. घर बघायला येते." मला हसू आलं. दादरच्या आमच्या घरी त्या सदतीस वर्षं येत होत्या. मिठाचा डबा कुठे आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण त्या आल्या त्या परक्यासारख्या. बेल वाजवली, चपला बाहेर काढल्या, पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं. मी इस्त्रीचा सदरा घातला होता, हे आता सांगायला लाज वाटते. पोहे झाल्यावर त्यांनी मला गॅलरीत जाऊन उभं राहायला सांगितलं आणि माझ्या बायकोला माझ्याविषयी विचारलं.

दार लोटलेलं होतं, पण मला सगळं ऐकू येत होतं. माणूस स्वभावाने कसा आहे, या प्रश्नावर माझी बायको क्षणभर थांबली. सदतीस वर्षांच्या संसारातून ती काय निवडते आहे याची मला उत्सुकता होती. ती म्हणाली, "माणूस चांगला आहे गं. पण झोपलेल्याला हलवून उठवतात आणि विचारतात, झोप लागली का."

दुसऱ्या दिवशी आत्यांचा फोन आला. "जावई, मुलाकडून नकार आहे." लग्नाच्या वयात मला काही मुलींनी नकार दिले होते. तेव्हा पत्रिका, उंची, पगार अशी कारणं तरी होती. पण ज्याला मुंबईत कुणी घरात घ्यायला तयार नाही त्याच्याकडून नकार आल्यावर माणसाने तोंड कुठे लपवायचं? मी रागावलो. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कोण मिळणार आहे, असं मी त्यांना बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला आप्पा नकोयत. तुम्हाला लाड करून घेणारं कुणीतरी हवंय. त्यात वाईट काही नाही, जावई. पण आता त्यांचं वय दुसऱ्याची हौस भागवायचं राहिलेलं नाही." मी आणखी चिडून विचारलं, मग एवढा जीव आहे तर तुम्हीच का नाही ठेवून घेत? त्या म्हणाल्या, "माझी एकच खोली. झोपेत माझा हात कुठे जातो, मला कळत नाही. एक दिवस तो त्यांच्यावर पडेल. मग त्यांना वाटेल, हिनेसुद्धा." मी फोन ठेवला आणि त्या दिवशी कुणालाही काही शिकवलं नाही.

शेवटी आत्यांनी जे स्थळ काढलं, त्याने मी थक्क झालो. गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एक भाऊ आणि एक बहीण राहत. दोघंही सत्तरीच्या पुढची, दोघांनीही लग्न केलेलं नाही. बहीण आत्यांच्या प्रसूतिगृहात कारकून होती, म्हणून ओळख. या भावाबहिणीचा एकमेकांशी अबोला होता, आणि तो इतक्या वर्षांचा होता की चाळीत नवीन आलेल्यांना तो पाण्याच्या वेळेसारखा सांगून ठेवत. कारण विचारलं तर भाऊ म्हणे, "तिला माहीत आहे," आणि बहीण म्हणे, "त्याला माहीत आहे." एरवी दोघं सुखात होती. ती स्वयंपाक करी, तो बाजार करी. तिचा पलंग खिडकीशी, त्याचा दाराशी. कुणाचा आवाज चढत नसे, कुणी कुणाच्या वाटेत येत नसे. अगदीच अडलं तर भिंतीवरच्या गणपतीला सांगत. "देवा, त्याला म्हणावं, रॉकेल नाही, गॅस संपलाय, रॉकेल कसलं आणतोय." मी आत्यांना जिन्यातच थांबवलं आणि म्हटलं की जिथे माणसं माणसांशी बोलत नाहीत, तिथे तुम्ही मुक्या जनावराला देणार? "तेच तर," असं म्हणून त्यांनी मला एक दिली आणि त्या वर गेल्या.

आप्पांना आम्ही टेम्पोतून नेलं आणि दोरी धरून वर चढवलं. मी जिथे जिथे कुत्रा पोचवायला गेलो होतो, तिथे आल्याआल्या ओवाळणं, हाका, मोबाईल, कडेवर घेण्याची धडपड असे. इथे बहीण मेथी निवडत होती, ती मेथीच निवडत राहिली. भावाने पेपरातून एकदा वर बघितलं, "या," म्हणाला, आणि पुढचं पान उलटलं. मधल्या जागेत एक गोधडी अंथरलेली होती, पाण्याचं पातेलं होतं. आप्पा खोलीभर हिंडले. पलंगाखाली नाक घातलं, मेथीचा वास घेतला, भावाच्या चपला हुंगल्या. कुणाचाही हात खाली आला नाही. मग ते गोधडीवर बसले, थोड्या वेळाने कुशीवर झाले आणि चारही पाय लांब ताणून त्यांनी डोळे मिटले. आप्पांना पाय असे ताणता येतात हे आम्हाला माहीत नव्हतं; आम्ही त्यांना कायम आकसलेलंच पाहिलं होतं. आत्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांचे हात मांडीखालीच होते.

आप्पा तिथे दोन वर्षं होते. आम्ही महिन्याकाठी जात असू, आणि आत्या परक्या घरी दिलेल्या मुलीकडे जावं तशा जपून बसत. आप्पा खाऊ लागले होते. गणपतीचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं. "आप्पा, त्याला सांगा, नारळ कोवळा निघाला." "आप्पा, तिला सांगा, मी हलवूनच घेतला होता." आप्पा प्रत्येकाकडे आळीपाळीने बघत आणि कुणाचीच बाजू घेत नसत. मीही सुधारलो होतो. बिस्किट गोधडीच्या कडेला ठेवायचो आणि मागे सरायचो. त्यांनी ते माझ्यादेखत खाल्लं की मला दिवसभर बरं वाटायचं, आणि घरी गेल्यावर बायकोला ते दोनदा सांगितल्याशिवाय मी राहायचो नाही.

मग एका सकाळी भावाचा आत्यांना फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा आप्पा गोधडीवर कुशीवर पडलेले होते, पाय ताणून, झोपलेले असत तसेच. झोपेतच गेले होते. भाऊ पेपर न उघडता बसला होता. आम्हाला बघून तो म्हणाला, "चहा ठेव," आणि बहीण उठून "साखर कमी घालते," म्हणाली. मध्ये कुणी नव्हतं.

आत्या आप्पांजवळ बसल्या, या वेळी चार हातांवर नाही, अगदी शेजारी. मांडीखालचा हात त्यांनी बाहेर काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्यांनी बहिणीकडे बघून विचारलं, "आता लावू का गं हात?"

बहिणीने चहाखालचा गॅस बारीक केला आणि ती म्हणाली, "नको. त्यांना आवडायचं नाही."

ते घर माझं असतं, तर मी सकाळीच त्यांच्या अंगावरून हात फिरवला असता, खूप वेळ फिरवला असता, आणि त्याला प्रेम समजलो असतो. आप्पांकडून मला आलेला तो नकार त्या दिवशी मला कळला. आत्यांनी हात मागे घेतला, पदरात गुंडाळला आणि मान हलवली. "नाही लावत," त्या म्हणाल्या. "चांगलं स्थळ मिळालं हो आप्पा तुम्हाला." आणि मग त्या मोठ्याने रडल्या.

शेल्टरची गाडी खाली येऊन थांबली, तेव्हा गोधडीचं एक टोक भावाने धरलं, एक बहिणीने, एक आत्यांनी आणि एक मी. जिना अरुंद होता, वळणावर आम्हाला थांबावं लागलं. शेजारची माणसं दारात उभी होती, ती मदतीला पुढे आली, पण भाऊ म्हणाला, राहू द्या, आम्ही चौघं आहोत. आम्ही तसेच सावकाश खाली उतरलो आणि गोधडीसकट त्यांना गाडीत ठेवलं. कुणाचाही हात आप्पांना लागला नाही.